अपेक्षा हिवराळेचा न जुळणारा आकडा

अपेक्षा हिवराळे नेमकं काय काम करते, हे कासारवाडीतल्या तिच्या गल्लीत कुणालाच धड सांगता येत नाही. त्यात तिचे वडीलही आले. साहेबराव जालना जिल्ह्यातून पोटामागे इकडे आले आणि पिंपरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. काम म्हणजे कानठळ्या बसवणारं, कपड्यांना ग्रीस लावणारं आणि बेसावध राहिलं तर बोट मागणारं, ही त्यांची कल्पना. मुलगी मात्र सकाळी नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसमध्ये बसते, चाकणला जाते आणि संध्याकाळी परत येते तेव्हा तिची ओढणी सकाळसारखीच कोरी. म्हातारबुवांना शंका यायचीच.

“काय करायलीस गं दिवसभर तिथं?”

“लिथियम कसा चालतो ते बघते, पप्पा.”

“चालतो म्हंजी? पाय हायेत का त्याला?”

अपेक्षाला हा प्रश्न फार आवडायचा, कारण तिचं सगळं कामच त्या प्रश्नात होतं. मोबाइलच्या किंवा गाडीच्या बॅटरीत एक द्रव असतो आणि त्यातून लिथियमचे कण इकडून तिकडे जातात. हा द्रव पेट घेतो. म्हणून त्याच्या जागी प्लास्टिकसारखा पातळ घन पापुद्रा बसवायचा, अशी जगभर खटपट चालली आहे. अडचण एवढीच की द्रवात लिथियम पोहत सुटतो, आणि घन पॉलिमरमध्ये त्याला पोहायला जागाच नसते. तिथं तो गर्दीच्या बसमध्ये मागच्या दाराने चढलेल्या माणसासारखा सरकतो. एक दांडा सोडायच्या आधी दुसरा पकडायचा आणि बस हलेल तेव्हाच पुढे व्हायचं. पॉलिमरच्या लांब साखळ्या म्हणजे ते दांडे. साखळ्या जितक्या वळवळतील तितका लिथियम पुढे जाईल.

“मग तू त्या बशीत कंडक्टर हायेस का?” साहेबरावांनी विचारलं होतं.

“मी बाहेरून मोजते. कोण कुठे चढला आणि कुठे पोचला.”

हे मोजणं ती संगणकात करते. पडद्यावर एक डबी बांधायची, त्यात पॉलिमरच्या साखळ्या सोडायच्या, लिथियमचं मीठ टाकायचं, कोणता अणू कोणाला किती ओढतो हे प्रत्येकाला सांगायचं आणि मग सगळ्यांना मोकळं सोडायचं. प्रत्यक्षात ज्याला पापणी लवण्याचा अगदी सूक्ष्म अंश लागतो, ते घडवायला तिच्या मशीनला दिवसचे दिवस लागतात. पडद्यावर रंगीत गोळ्या थरथरत असतात आणि जाणारे-येणारे हसतात. कंपनीत तिचं नावच पडलं होतं, ‘गेमवाली’. या नावाचा तिला राग यायचा नाही. राग यायचा तो गोळ्यांकडे न बघता हसणाऱ्यांचा.

या कामाला ती लागली तीही मजेशीर रीतीने. एम. एस्सी.ला तिच्या प्रकल्पाची पाळी आली तेव्हा प्रयोगशाळेत लागणारी रसायनंच नव्हती, म्हणून सरांनी तिला कोपऱ्यातल्या संगणकावर बसवून दिलं. बाकीच्या मुलामुलींनी तिची कीव केली. ती मात्र तिथून उठायलाच तयार होईना. हुशार तर ती होतीच, पण त्याहून जास्त चिवट होती. एखादी गोष्ट कळली नाही तर तिला जेवण गोड लागत नाही, हे तिची आई कस्तुराबाई अजूनही तक्रारीच्या सुरात सांगते, आणि सांगताना फुगते.

चाकणच्या कंपनीत अपेक्षा आधी नमुने तपासायला लागली. कंपनी लहान होती आणि बॅटरीसाठीचे नवे पॉलिमर बनवून मोठ्या कंपन्यांना विकायचं स्वप्न बघत होती. तिथल्या प्रमुख विजयश्री मॅडम कामाला कडक आणि बोलायला सरळ. त्यांच्या मागे लागून लागून अपेक्षाने एक बऱ्यापैकी ताकदीचं मशीन मिळवलं आणि लॅबच्या शेवटच्या खिडकीशी स्वतःचं टेबल मांडलं. पूर्ण कंपनीत सिम्युलेशनचं टेबल ते एवढंच, आणि त्याच्यापुढे बसणारी एकटी अपेक्षा.

गोष्ट सुरू होते ती दसऱ्यानंतर. लॅबमध्ये पॉलिमर बनवणारा सुजित पालव हा कणकवलीकडचा पोरगा, हाताने अतिशय स्वच्छ काम करणारा. दोन वर्षं तो एका नव्या पॉलिमरच्या मागे होता. त्याची पहिली चांगली बॅच निघाली, त्याने पापुद्र्यासारखी पातळ फिल्म ओतली, वाळवली, मोजली, आणि आकडा बघून खुर्चीतून उठलाच. लिथियम त्या फिल्ममधून असा पळत होता की विश्वास बसू नये. त्याच बॅचचे आणखी तुकडे मोजले, सगळ्यांचा आकडा तोच. मॅडमनी ताबडतोब एका स्कूटर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. लॅबने सुजितला डोक्यावर घेतलं, आणि घ्यावं असंच ते काम होतं.

एकच माशी शिंकली होती. त्याच पॉलिमरचा अपेक्षाचा आकडा लॅबच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाला येत होता.

मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, पण शब्दही गुळगुळीत केले नाहीत. “अपेक्षा, प्रत्यक्षात जे दिसतंय ते तुझ्या कॉम्प्युटरला दिसत नसेल, तर त्याचा आपल्याला उपयोग काय? दिवाळीच्या आधी रिव्ह्यू आहे, वरचे लोक येणार आहेत. तोवर जुळव. नाही जुळलं तर ते टेबल मी बंद करते आणि तू डॉक्युमेंटेशनला जा. माणूस म्हणून तू मला हवीच आहेस, पण हे नको.”

डॉक्युमेंटेशन म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामाचे कागद लावणं. पगार तोच, बसही तीच. पण ते टेबल गेलं असतं तर तिच्या हातातली एकमेव गोष्ट गेली असती जी तिने स्वतः निवडली होती.

आता इथे या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण अपेक्षाची खरी परीक्षा त्या रीतीपाशीच झाली. संगणकातला लिथियम आणि त्याचा जोडीदार कण एकमेकांना खऱ्यापेक्षा जास्त घट्ट धरून बसतात. हा हिशेबाच्या पद्धतीचा दोष आहे, आणि सगळ्या जगाला तो ठाऊक आहे. म्हणून सगळे जण त्या कणांवरचा विद्युतभार मुद्दाम थोडा कमी करतात. पाव भाग कमी केला की बहुधा काम भागतं. पण पावच का, थोडा जास्त का नाही, याला कुठे सोन्याच्या अक्षरात लिहिलेला नियम नाही. भाजीत मीठ घालावं तसा ज्याच्या त्याच्या हाताचा तो अंदाज असतो.

अपेक्षाने भार आणखी थोडा कमी केला. मशीन दोन दिवस घरघरलं. मग आणखी थोडा केला. आणि आकडा जुळला! लॅबच्या आकड्याच्या अगदी शेजारी येऊन बसला. कुणी विचारलं असतं तर दाखवायला कारण होतं, आधार होता, जगाची रीत होती. टेबल वाचलं होतं.

पण तिने गोळ्यांकडे बघितलं. त्या डबीत लिथियम साखळीला धरतच नव्हता. नुसता उंडारत होता. दांडा न धरता माणूस गर्दीच्या बसमधून पळत सुटावा, तसं ते दिसत होतं. हा पॉलिमरच नव्हे, हे तिला कळलं. आकडा खरा दिसत होता आणि त्याच्या खालचं सगळं खोटं होतं. तिने ते काम बाजूला काढलं आणि भार पहिल्याइतका केला. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्या दिवशी घरी जाताना पेढे घेऊन गेलं असतं. मला तरी स्वतःची खात्री देता आली नसती.

मग तिने प्रश्नच उलटा केला. आपला आकडा कमी का, हे सोडून लॅबचा आकडा जास्त का, हे विचारायला घेतलं. हे सोपं नव्हतं, कारण सुजित चुका करणारा माणूस नव्हता. ती त्याच्या ओट्यापाशी गेली. उरलेल्या फिल्मचा एक कातरलेला तुकडा तिथं पडला होता. तिने तो हातमोजा घालून उचलला तर तो मऊ पडून बोटाला चिकटला. त्या ऋतूत चाकणला हवेत चांगलाच दमटपणा असतो. घरून आणलेला पापड जेवणाच्या सुट्टीपर्यंत सादळतो. हे लिथियमचं मीठ तर हवेतलं पाणी ओढण्यात कुठल्याही पापडाच्या वरचढ.

“सुजित, फिल्म वाळवली होतीस ना नीट?”

सुजितच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “काय गो, पहिल्यांदा फिल्म बनवतोय का मी? व्हॅक्यूम ओव्हनमध्ये चांगली चार दिवस होती.”

“मध्ये ओव्हन बंद पडला नव्हता?”

“नाही.”

तिने मेंटेनन्सच्या माणसांना विचारलं. नाही, ओव्हन बंद पडला नाही. वीज गेली होती का? नाही ताई, आणि गेली तरी जनरेटर आहे. सगळे मनापासून खरं सांगत होते.

तरीही तिने एक प्रयोग केला. आपल्या संगणकातल्या डबीत थोडे पाण्याचे रेणू सोडले. भाराला हात लावला नाही, साखळ्या त्याच, मीठ तेच, फक्त फिल्म सादळवली. थोडं पाणी, मग जरा जास्त. आता लिथियमला एक हात साखळीला आणि एक हात पाण्याला देता येऊ लागला, साखळ्याही सैल पडून वळवळायला लागल्या, आणि आकडा वर वर जात लॅबच्या आकड्यावर जाऊन टेकला. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण संशयाने म्हणतो. इथे ते खरोखरच मुरलं होतं. पण आलं कुठून?

उत्तर तिला स्वतःच्याच मशीनने दिलं. रिव्ह्यूच्या आधी एकदा हेच सगळं पुन्हा चालवून खात्री करावी म्हणून ती वेळेचा अंदाज घेत होती. अगदी पहिल्या वेळी एवढ्याच कामाला दोन दिवस जास्त का लागले होते? अरे हो, मध्येच थांबवावं लागलं होतं. खंडेनवमी होती.

खंडेनवमीला या पट्ट्यातली सगळी यंत्रं विसावा घेतात. प्रेस असो, लेथ असो की लॅबमधला काटा, प्रत्येक यंत्र पुसायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अपेक्षाचं मशीनही त्या दिवशी माळ घालून गप्प बसलं होतं. ती आणि घरचे दसऱ्याला देहूरोडच्या विहारात जातात, पण कंपनीतल्या पूजेला ती सगळ्यांबरोबर उभी असते आणि भेळही खाते. पूजा सुजितनेच केली होती. त्याने ओव्हन बंद करून, दार उघडून, फिल्म आतच ठेवून आतबाहेर पुसलं होतं, कुंकू लावलं होतं आणि हात जोडले होते. हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं आणि तीही विसरली होती. कारण पूजेसाठी बंद ठेवलेलं यंत्र कुणाच्याच लेखी ‘बंद पडलेलं’ नसतं. उलट त्या दिवशी त्याची जितकी काळजी घेतली जाते तितकी वर्षभर घेतली जात नाही. ओव्हन बंद होता का, असं विचारल्यावर सगळ्यांनी खऱ्या मनाने नाही म्हटलं, आणि यात कुणी काही लपवलं नव्हतं.

आता तिच्यापुढे जो पेच होता तो नीट समजून घ्या. गप्प बसली तर तिचं टेबल जाणार. बोलली तर फिल्मच निकामी ठरणार, कारण बॅटरीतल्या लिथियमला पाणी मुळीच चालत नाही, स्कूटरवाले निघून जाणार, आणि ज्या पॉलिमरसाठी ही सगळी धडपड चालली होती तोच बंद झाल्यावर सिम्युलेशनचं टेबल तरी कोण ठेवणार? वर सुजितची दोन वर्षं मातीत. कुठल्याही बाजूने बघितलं तरी तिच्या पदरात काही पडत नव्हतं.

ती मॅडमकडे गेली नाही. कँटीनमध्ये सुजितला बाजूला घेऊन बसली आणि त्याला पाण्याचा हिशेब दाखवला.

“म्हणजे माझी फिल्म ओली होती म्हणतेस? तुझ्या त्या गोळ्यांवरून?”

“ओव्हन खंडेनवमीला बंद होता, सुजित. पूजेला. दार तूच उघडलंस.”

 सुजितच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. गावी जायची घाई होती, म्हणाला. परत आलो तेव्हा कुणीतरी ओव्हन पुन्हा चालू केलेला होता, तो तापलेला होता, दिवा लागलेला होता, माझ्या मनातही आलं नाही.

“उरलेले तुकडे आहेत तुझ्याकडे. परत वाळव आणि मोज,” अपेक्षा म्हणाली. “मी कुणाकडे जाणार नाही. तुझी फिल्म आहे, तूच सांग.”

“आणि मी नाही सांगितलं तर?”

“तर मी माझा आकडा सांगेन. तो बदलणार नाही.”

रिव्ह्यूपर्यंत सुजित तिच्याशी एक शब्द बोलला नाही. लॅबमध्ये समोर आला तरी मान वळवायचा. त्याने तुकडे वाळवले की नाही, हेही तिला कळायला मार्ग नव्हता. तिने विचारलंही नाही.

रिव्ह्यूला मोठं टेबल, वरून आलेली चार माणसं, बिसलेरीच्या बाटल्या. आधी अपेक्षाची पाळी आली. मॅडमनी सगळ्यांसमोर सरळ विचारलं, “जुळलं का?”

“नाही मॅडम. कोरड्या पॉलिमरचा माझा आकडा तोच आहे. फिल्ममध्ये पाणी धरलं तरच लॅबचा आकडा येतो.”

खोलीत चुळबुळ झाली. एक साहेब हसले. मॅडमचा चेहरा कठीण झाला. अपेक्षा उभीच होती. तिने सुजितकडे बघितलं नाही आणि पूजेचा शब्दही काढला नाही, याची नोंद घ्यायला हवी. तिथे तिला स्वतःला वाचवण्यासाठी तेवढं एक वाक्य पुरलं असतं.

“फिल्म ओलीच होती,” सुजित म्हणाला. तो उठून उभा राहिला होता आणि त्याचे हात टेबलाच्या कडेवर होते. “मी परत वाळवून मोजली. तीनदा मोजली. हिचा आकडा बरोबर आहे. खंडेनवमीला ओव्हन मी बंद केला होता आणि विसरलो.”

त्या पोरालाही माझा सलाम. असं वाक्य भरल्या खोलीत बोलायला काळीज लागतं.

पुढचा अर्धा तास फार वाईट गेला. वरची माणसं चिडली. स्कूटरवाल्यांना नाही म्हणून कळवायचं ठरलं, तो पॉलिमर बंद करायचं ठरलं. सगळे उठून गेल्यावर मॅडम अपेक्षाला म्हणाल्या, “भार थोडा कमी केला असतास तर आकडा जुळला असता. तेवढं मलाही कळतं. सगळे करतात. तू का नाही केलंस?”

“केला होता, मॅडम. जुळलाही होता.”

“मग?”

“मग पुढचा प्रत्येक पॉलिमर मला चांगलाच दिसला असता.”

मॅडम मग सुजितला हाक मारून म्हणाल्या की यादीतले पुढचे पॉलिमर बनवायला घेण्याआधी हिच्याकडे द्यायचे, आणि ही हो म्हणाली तरच पातेलं चढवायचं. सुजितने मान हलवली. बसकडे जाताना तो अपेक्षाच्या बाजूने चालत होता, आणि बसने मोशी ओलांडल्यावर त्याने डब्यातला उरलेला लाडू न बोलता तिच्यापुढे धरला.

घरी साहेबराव उंबऱ्यातच बसले होते. त्या फिल्मच्या आणि टेबलाच्या काळजीने काही दिवस मुलगी नीट जेवत नाही, हे कस्तुराबाईंनी त्यांच्या कानावर घातलंच होतं.

“ऱ्हायलं का टेबल?”

“राहिलं, पप्पा.”

“अन् ती फिलम?”

“ती गेली. खरी नव्हतीच ती.”

“म्हंजी साहेबाच्या तोंडावर म्हणलीस, तुमचा आकडा चुकलाय म्हणून? समद्यांसमोर?”

“हो.”

“अन् काढून टाकलं असतं तर?”

“तर दुसरीकडे गेले असते. शिकलेय ना मी.”

साहेबराव आत येऊन भिंतीला टेकून बसले. प्रेसवर त्यांची दोन बोटं अर्धी गेली होती. बोलताना ती दुसऱ्या हातात धरून ठेवायची त्यांना सवय होती.

“मला कधीच म्हणता आलं न्हाई,” ते म्हणाले. “साहेब म्हणला हो, की आमचंबी हो. चुकलंय हे दिसायचं डोळ्याला. पर घरी तुम्ही होते, म्हणून हो. समदी नोकरी हो म्हणण्यात गेली, बाई. तुला न्हाई म्हणता आलं. म्हंजी काहीतरी कमावलं मी.”

अपेक्षाचे डोळे भरून आले ते तिने पुसलेही नाहीत. कस्तुराबाई ताट वाढायला उठल्या, तर साहेबरावांनी त्यांना हाताने खाली बसवलं, स्वयंपाकघरातून भाकरीची टोपली आणली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः मुलीच्या ताटात वाढायला बसले.